चार देशांचा बेत, मुक्काम भाजे

आमच्या घरात परदेशाचा विषय निघाला तो नेमका भातलावणीच्या दिवसांत. बाहेर मावळातला पाऊस कोसळत होता, विसापूर किल्ला ढगात बुडून गेला होता, घरभर ओल्या कपड्यांच्या दोऱ्या आणि गॅसवर गड्यांच्या चहाचं आधण. अशा वेळी जर्मनीहून धाकट्या भाऊजींचा फोन आला. "वहिनी, पुढच्या मे महिन्यात तुम्ही सगळ्यांनी इकडे यायचं. आईलाही घेऊन यायचं. आता कारणं नकोत!"

फोन खाली ठेवला आणि जो तो आपापला देश सांगू लागला. ह्यांना आल्प्सचा बर्फ बघायचा होता. लेक पाचवीत आहे. तिला आयफेल टॉवर हवा होता आणि लंडनचं ते मोठं घड्याळही. मला व्हेनिस. बी.ए.ला असताना नाटकात वाचलेलं पाण्यावरचं गाव एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा! आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला पोराचं घर बघितलं म्हंजी झालं. बाकीचं तुमचं चालू द्या."

लेकीनं वहीत यादी केली. मोजले तर आठ देश झाले, आणि हातात दिवस सोळा! लग्नाच्या पंगतीत वाढपी धावत धावत वाढत जातो, आपण 'अहो, थांबा' म्हणेपर्यंत पुढच्या पानावर पोहोचतो, तशातली गत. यादी बघून मी म्हटलं, "हे काही जमायचं नाही. आधी वही, मग नकाशा."

वहीतलं वेळापत्रक

मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. त्यामुळे वेळापत्रक आखायची सवय आहे. वहीच्या पानावर सोळा रकाने पाडले आणि प्रत्येक रकान्यात एकच गोष्ट लिहायची ठरवली : रात्री झोपायचं कुठे? मैत्रिणींनो, अनेक देशांचा बेत करताना हाच प्रश्न आधी विचारावा. काय बघायचं ते आपोआप ठरतं, पण पाठ कुठे टेकायची ते ठरलं नाही तर सगळंच बिघडतं. दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या म्हटलं की निम्मा प्रवास बॅगेच्या चेनशी झटापट करण्यात जातो.

दुसरा प्रश्न व्हिशाचा. युरोपातल्या २९ देशांनी मिळून एकच व्हिसा ठेवला आहे. त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. तो एकदा मिळाला की त्या देशांमध्ये पुन्हा पुन्हा व्हिसा काढावा लागत नाही. मुदत कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज कुठे करायचा यात पुष्कळजणी गोंधळतात. नियम सोपा आहे : ज्या देशात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. सगळीकडे सारखाच मुक्काम असेल तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. आमच्या सात रात्री भाऊजींकडे म्युनिकला, म्हणून अर्ज जर्मनीकडे.

लंडन मात्र या २९ देशांत येत नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी. शिवाय मधेच तिकडे जाऊन पुन्हा युरोपात शिरायचं तर शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा लागतो. एवढं समजल्यावर घड्याळ यादीतून गेलं. पॅरिसही वाटेबाहेर म्हणून गेलं, तेव्हा लेक तासभर फुगून बसली होती! शेवटी उरली ती अशी वाट : म्युनिकहून रेल्वेनं स्वित्झर्लंड, तिथून इटलीत व्हेनिस, व्हेनिसहून ऑस्ट्रियामार्गे परत म्युनिक. देश चार, बिछाने तीन आणि एकही रस्ता दोनदा नाही. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी.

खर्चाचंही सांगते. व्हिशाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, अशी जून २०२४ पासून आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे त्यावर वेगळे. आजारपणाचा विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परत येण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि कितीही उशीर झाला तरी पंधरा दिवस आधी द्यायलाच हवा. स्वित्झर्लंडचं नाणं फ्रँक, बाकी तिन्हीकडे युरो, म्हणून पैशांची पाकिटं दोन.

आणि हो, खाऊ! आपण बायका परदेशी निघालो की पहिली आठवण तुपाच्या बरणीची आणि पेढ्यांच्या पुड्याची. पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत. मे महिना असला तरी हापूसची पेटीही न्यायची नाही, ताज्या फळांना सरकारी रोगमुक्तीचा दाखला लागतो. मी भाजणी, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी आणि लोणावळ्याची चिक्की एवढंच लिहून ठेवलंय. औषधं मूळ वेष्टणात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

वही अशी छान भरत चालली होती. गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी.

नाव कोणतं लिहायचं?

आमच्या तिघांचे पासपोर्ट होते. प्रश्न आईंच्या पासपोर्टचा होता. सगळी कागदपत्रं पिशवीत घालून सप्टेंबरात आम्ही गेलो आणि तसेच परत आलो. खिडकीपलीकडच्या बाईंची काही चूक नव्हती. आधारकार्डावर आईंचं सासरचं नाव आणि १ जानेवारी ही जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख निराळी आणि नाव तर पार निराळं. ही दोन्ही एकच बाई, याचा कागद कुठाय?

आता हे आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगायला नको. लग्नात आडनाव बदलतं ते वेगळंच, पण त्या काळी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नावही कायमचं पुसलं जायचं. आईंचं माहेरचं नाव एका नदीचं, सासरचं एका फुलाचं. दोन्ही इथे छापलेली त्यांना आवडायची नाहीत, म्हणून एवढंच सांगते. लग्न होऊन बारा-तेरा वर्षं मी या घरात आहे, पण ते नदीचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्या पिवळ्या पडलेल्या दाखल्यावर!

तो दाखला मिळवणंही सोपं नव्हतं. आईंचं माहेर पवन मावळातलं. पवना धरण १९७२ मध्ये पुरं झालं, त्यात ते गाव पाण्याखाली गेलं. शाळेची दप्तरं शेजारच्या गावातल्या शाळेत ठेवलेली. तिथल्या मुख्याध्यापकांनी कपाटातून रजिस्टर काढून, धूळ झटकून, नोंद शोधून दिली. आई चौथीपर्यंत शिकलेल्या. तीन ओळींची ती नोंद मी वाचून दाखवली तेव्हा त्या नुसत्या 'हं' म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. लई उपद्व्याप झाला. तुम्ही जाऊन या. गुरांकडं कुणी तरी बघाय पायजेच."

खरं सांगू? मी 'नाही, तुम्ही आल्याच पाहिजेत' असं म्हटलं तोंडानं, पण मनात कुठे तरी हलकं वाटलं. त्यांचं शाकाहारी जेवण, एकादशी, नऊवारी लुगड्यात रेल्वेच्या पायऱ्या चढणं, दुखणारे गुडघे, हे सगळं वहीतल्या रकान्यांत कसं बसवायचं याची मला धास्ती होतीच. त्या आल्या नाहीत तर पॅरिससुद्धा बसेल, असा विचार येऊन गेला. मळवली स्टेशनवर उतरलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातली जड पिशवी आपण होऊन घेतली. माझी मलाच इतकी लाज वाटली!

तरी पुढचे दोन-अडीच महिने पासपोर्टचा विषय कुणी काढला नाही. पिशवी कपाटावर पडून राहिली.

लेण्यातली बाई

डिसेंबरात मी सातवीच्या मुलांना घेऊन भाज्याच्या लेण्यांवर गेले. दरवर्षी नेते. गावात राहून लेणी न पाहिलेली मुलं असतात, तेव्हा म्हणावंसं वाटतं, काखेत कळसा नि गावाला वळसा! या वेळी आई सोबत आल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या या डोंगरावर लाकडाफाट्याला, गुरांमागे शेकडो वेळा आलेल्या. पण लेणी म्हणून, थांबून, कधी पाहिली नव्हती. मुलांसाठी ताकाची किटली घेऊन त्या हळूहळू पायऱ्या चढल्या. वाटेत त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वेळा थांबावं लागलं!

ज्यांनी ही लेणी पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगते. मळवली स्टेशनवर लोकलनं उतरायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा आणि गावातून चालत यायचं. लेणी एकूण २२ आहेत. कोरायला सुरुवात झाली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. मधलं मोठं चैत्यगृह पाहिलं की मान आपोआप वर जाते. दगडाच्या कमानीला आतून लाकडाच्या फासळ्या बसवल्या आहेत, उलट्या होडीसारख्या. खांब जरासे आत कललेले आहेत, लाकडी घरातले खांब कलते ठेवतात तसे. दगडात काम करणाऱ्यांच्या हाताला अजून सुताराची सवय होती, हे मुलांना फार आवडतं. बाजूला चौदा स्तूप दाटीवाटीनं उभे आहेत. त्यांतल्या काहींवर वारलेल्या भिक्षूंची नावं आहेत. दक्षिणेकडच्या विहारात रथावर बसलेला एक देव आणि हत्तीवर बसलेला दुसरा कोरला आहे. सूर्य आणि इंद्र, असं पुष्कळ जाणकार मानतात. तिथेच एक बाई वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. पावसाळ्यात धबधब्याला आलेली गर्दी या वाजवणाऱ्या बाईपर्यंत क्वचितच पोहोचते.

ओट्यावरून समोर बघितलं की सगळं खोरं दिसतं. इंद्रायणी, भाताची खाचरं, १८६३ मध्ये बोरघाटातून सुरू झालेली रेल्वे, २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग आणि पलीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी. मुलांना मी सांगत होते, "हा रस्ता आजचा नाही बरं का. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून देशावर जायचा. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकात कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही सगळी नावं आली आहेत. समोर कार्ल्याला जे चैत्यगृह आहे, ते वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेटजींनी पुरं केलं असं तिथल्या लेखात आहे. तिथले काही खांब तर यवनांनी दान दिलेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक."

एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग त्यांना व्हिसा लागत होता का?"

सगळे हसले, पण मला एकदम आमची वही आठवली. या दानलेखांत काय लिहिलेलं असतं? नाव, गाव, कुणाचा मुलगा किंवा कुणाची बायको, धंदा काय आणि दिलं काय. व्हिशाच्या अर्जात तरी दुसरं काय विचारतात!

मग मी मुलांना भाज्याच्या लेखांबद्दल सांगितलं. एक पाण्याचं टाकं विण्हुदत नावाच्या महारठीनं दिलं, तो मोठा माणूस. पण दुसरा एक लेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, जेमतेम तीन शब्दांचा. बाधा नावाच्या बाईचं दान. ती कोण? हालिकाची बायको. हल म्हणजे नांगर, हालिक म्हणजे नांगर धरणारा शेतकरी.

आई किटलीपाशी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "बाधा? हे काय नाव झालं? आन् नवऱ्याचं नाव काय व्हतं?"

"नवऱ्याचं नाव नाही लिहिलेलं, आई. नुसतं शेतकऱ्याची बायको, एवढंच."

"म्हंजी तिचं हाय, त्याचं न्हाई?"

"हो."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. इतकं मनापासून हसताना मी त्यांना फार दिवसांनी पाहिलं. मग पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. उतरताना, अगदी शेवटच्या पायऱ्यांवर, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "त्या दाखल्यावरचं नाव लिव फारमात. लपवाय काय चोरी केलीय का आपण?"

पुन्हा पिशवी खाली

त्याच रात्री कपाटावरची पिशवी खाली काढली. नावात असा पूर्ण फरक असेल तर राजपत्रात नाव बदलल्याची नोंद करून घेणं उत्तम, असं एका जाणत्या बाईंनी सांगितलं होतं. अर्ज केला, पुरावे जोडले, फी भरली. काही आठवड्यांनी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात दोन ओळी छापून आल्या : जुने नाव अमुक, नवे नाव तमुक. पन्नास वर्षांत पहिल्यांदा आईंची दोन्ही नावं एका कागदावर शेजारीशेजारी बसली होती. आधारवरची जन्मतारीखही दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घेतली. पासपोर्टच्या अर्जात 'तुम्हाला दुसऱ्या नावानं ओळखतात का' असा रकाना असतो. तिथे आता 'हो' लिहिलं, न घाबरता. पासपोर्ट मात्र फुलाच्याच नावानं काढला. "सात-बारा, बँक समदं त्येच्यावर हाय, आता कुठं घोळ घालता?" हा निर्णय त्यांचाच.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बोटांचे ठसे उमटेनात. लावणी-कापणी करून बोटांच्या रेघा झिजून गेलेल्या. तिथल्या मुलीनं ओल्या फडक्यानं बोटं पुसून, पुन्हा पुन्हा दाबून, चौथ्या खेपेला ठसे घेतले. मैत्रिणींनो, घरात शेतात राबलेली किंवा भांडी-धुण्यानं हात झिजलेली वडीलधारी बाई असेल, तर आधी चार-आठ दिवस हातांना तेल चोळायला सांगा. त्या दिवशी मात्र हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. आणखी एक. आपापल्या घरातल्या बायकांची नावं कोणत्या कागदावर कशी आहेत, ते परदेशी जायचं नसलं तरी एकदा पाहून घ्या. पेन्शन, वारसा, बँक, कुठेही हीच ठेच लागते.

फेब्रुवारीत पोस्टमननं पासपोर्ट आणून दिला. आईंनी हात धुऊन, पदराला पुसून तो उघडला. फोटो पाहून म्हणाल्या, "माझी आईच दिसतेय." मग लेकीनं त्यांना एकेक रकाना वाचून दाखवला. जन्मस्थळाशी आली तेव्हा तिनं गावाचं नाव वाचलं. ते गाव आता नकाशावर नाही, पवनेच्या पाण्याखाली आहे. पण पासपोर्टवर ते छापलेलं होतं.

"हे बी लिवलंय?" आईंनी विचारलं आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. तरी कितीतरी वेळ बोट तिथेच होतं.

आता हे लिहिते आहे तेव्हा व्हिसा अजून यायचाय. पुढच्या आठवड्यात कागद द्यायला जाणार. मिळेल की नाही, देव जाणे. वहीतले सोळा रकाने मी पुन्हा आखलेत. स्वित्झर्लंडमध्ये ३४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोख स्टेशनावर हे आणि लेक जातील. त्या दिवशी आई आणि मी खालीच तळ्याकाठी बसणार आहोत. एक एकादशी येते, तिचा मुक्काम भाऊजींच्या घरी पडेल असं बघितलंय. पॅरिस पुन्हा कधीतरी. लेकीनं ते मान्य केलंय, अर्थात लेखी घेऊन!

काल रात्री व्हिशाचे अर्ज भरायला बसले होते. आईंच्या अर्जात व्यवसायाचा रकाना आला. मी सवयीनं 'गृहिणी' लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्या भाकरी थापत होत्या. हात तसाच ठेवून म्हणाल्या, "त्ये खोड."

"मग काय लिहू?"

"शेती," त्या म्हणाल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली.